वादळ, पूर आणि आपले घर : पूर्वतयारीचा जमाखर्च

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात रुग्ण, त्यांचे नातेवाईक व कर्मचारीवर्ग यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून एखादे तज्ज्ञ डॉक्टर मधुमेहावर अथवा हृदयविकारावर आपणांस मार्गदर्शन करतात. यंदा विश्वस्त मंडळाने हे काम माझ्याकडे सोपविले, तेव्हा प्रथम मी संकोचलो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझे आयुष्य जमाखर्चात, देयकांत आणि साठा-नोंदवह्यांत गेले. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार दोनच गोष्टींपुरता आहे. पुराच्या प्रत्येक रात्रीनंतर अपघात विभागाची नोंदवही सकाळी माझ्या टेबलावर येते, ही पहिली गोष्ट; आणि त्यांपैकी एका पुरातील एक नोंद माझ्या स्वतःच्या घरची आहे, ही दुसरी.

नाशिकला समुद्र नाही, त्यामुळे वादळ हा कोकणाचा विषय, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले आणि त्याच रात्री त्याचा क्षीण झालेला उरलासुरला भाग आपल्या जिल्ह्यावरून पुढे गेला, तेव्हा त्या समजुतीस पहिला धक्का बसला. टाळेबंदीचे ते दिवस होते. रुग्णालयात प्राणवायूवर असलेले रुग्ण होते. आम्ही दुपारीच वाहनतळावरील पत्रे दोरांनी आवळून बांधले, डिझेलचा साठा भरून घेतला आणि रात्रपाळीस दुप्पट माणसे ठेवली. नाशिकवर त्या रात्री फारसे काही ओढवले नाही. दुसऱ्या दिवशी एक-दोन सहकारी विनोदाने म्हणाले, “साहेब, दोर वाया गेले.” विमा उतरवून वर्षभर काही अपघात झाला नाही म्हणून हप्ता वाया गेल्याचे दुःख कोणी करीत नाही, दोरांचे मात्र करतात.

आपल्याकडील वादळाचे खरे रूप तीन प्रकारचे. चैत्र-वैशाखातील वळीव आणि विजा; अवेळी होणारी गारपीट, जिने फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये राज्यभर थैमान घातले आणि आपल्या जिल्ह्यातील द्राक्षबागा झोडपल्या; आणि तिसरा, श्रावण-भाद्रपदातील गोदामाईचा पूर. यांपैकी पुरावर मी अधिक बोलणार आहे, कारण नाशिककर पुराला ओळखतो असे समजतो आणि नेमका तेथेच फसतो.

सप्टेंबर १९६९ चा पूर माझ्या जन्मापूर्वीचा. तथापि तो मी इतक्या वेळा ऐकला आहे की पाहिल्यासारखाच वाटतो. त्यानंतर सप्टेंबर २००८, २ ऑगस्ट २०१६ आणि ४ ऑगस्ट २०१९ हे मोठे पूर आपल्यापैकी अनेकांनी स्वतः पाहिले आहेत. या शहराचे पूरमापक यंत्र कोणते, असे कोणी विचारले तर लहान मूलही गोदाघाटावरील दुतोंड्या मारुतीकडे बोट दाखवील. पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याशी. आणि त्याहून मोठी आपत्ती म्हणजे नारोशंकराच्या घंटेला. जलसंपदा विभाग क्युसेकमध्ये बोलतो, आपण मारुतीच्या अंगाने बोलतो. क्युसेकचा अर्थ मी एकदा हिशेबाने समजून घेतला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. गंगापूर धरणातून १०,००० क्युसेक सोडले असे आपण ऐकतो, तेव्हा दर सेकंदाला दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर नदीत रिकामे होत असतात.

आमचा वाडा भांडी बाजाराच्या मागील बोळात होता. माझे वडील तेथील एका भांड्यांच्या दुकानात हिशेबनीस होते. सप्टेंबर २००८ मध्ये पितृपक्षाच्या दिवसांत संततधार लागली, तेव्हा मी याच रुग्णालयाच्या लेखा विभागात काम करीत असे. दुपारी वडिलांना दूरध्वनी केला. ते म्हणाले, “अरे, मारुतीच्या छातीला पाणी लागू दे, मग बघू. एकोणसत्तर साल पाहिलंय मी.” मी निश्चिंत झालो. ज्यांनी मोठा पूर पाहिला आहे त्यांना काय सांगावे, असे मला वाटले.

वडील नदीकडे पाहत होते आणि पाणी मोरीतून वर आले. सरस्वती नाला सराफ बाजाराच्या बाजूने गोदावरीस मिळतो. नदी तुडुंब भरली की नाल्याचे व गटारांचे पाणी पुढे सरकू शकत नाही. ते मागे उलटते आणि सखल घरांत जमिनीखालून शिरते. त्यातच शहरावर पडणारा पाऊस धरणाच्या दारांची वाट पाहत नाही. आईने हाक मारली, “अहो, मोरीतनं पाणी येतंय!” तोवर चौकात घोट्याइतके पाणी झाले होते. शेजारच्या मुलांनी दोघांनाही वरच्या आळीत नेऊन सोडले. तेथून वडील परतले, कारण दुकानाची खतावणी आणि रोजमेळ त्यांनी तपासणीसाठी घरी आणला होता आणि तो जमिनीलगतच्या कपाटात राहिला होता. चपला वाहून गेल्या होत्या. गुडघाभर गढूळ पाण्यातून ते अनवाणी गेले, वह्या डोक्यावर घेऊन अनवाणी आले. मालकाचा विश्वास त्यांनी राखला, याचा त्यांना शेवटपर्यंत अभिमान होता.

वडिलांना सतरा वर्षांचा मधुमेह होता. अशा रुग्णांच्या तळपायाची संवेदना हळूहळू नाहीशी होते, हे आपले डॉक्टर येथे दरवर्षी सांगतात. त्यांच्या उजव्या पायाला फुटलेल्या फरशीचा काठ लागला होता. त्यांना ते कळलेच नाही. इन्सुलिन घरातील शीतकपाटात होते आणि ते शीतकपाट पाण्यात आडवे झाले होते. औषधांची चिठ्ठी त्याच खोलीत, भिंतीवरील दिनदर्शिकेच्या मागे खोचलेली. मी दोन रात्री रुग्णालयातच होतो. आमचे तळघरातील अभिलेख-दालन भिजले होते आणि केसपेपर वाळविण्याचे काम माझ्यावर होते. इतरांचे कागद मी वाळवीत होतो. तिसऱ्या दिवशी भेट झाली तेव्हा वडिलांनी इन्सुलिन घेतले नसल्याचे आईने सांगितले. चौथ्या दिवशी ताप आला. मोजा काढल्यावर दुर्गंध आला. प्रथम दोन बोटे गेली, तीन आठवड्यांनी गुडघ्याखालून पाय गेला.

पुढे कधीतरी, सवयीने, मी या घटनेचा हिशेब मांडला. वाचले काय : दोन वह्या, ज्यांची नक्कल दुकानात होतीच. गेले काय, ते मी सांगितले. हे टाळण्यासाठी लागले असते ते एक जोडी बंद पादत्राण, एक प्लास्टिकची पिशवी आणि पाणी येण्याच्या तीन तास आधी झालेला एक निर्णय. रुग्णालयात काम करणाऱ्या मुलाच्या घरात यांपैकी एकही गोष्ट नव्हती.

त्यानंतर मी नोंदवही वेगळ्या दृष्टीने वाचू लागलो. पुराच्या काळात आमच्याकडे बुडून आलेले रुग्ण अत्यल्प. येतात ते अंधारात जिन्यावरून पडलेले; ओल्या हाताने विजेचे बटण दाबलेले; काही तरी आणण्यासाठी परत गेलेले; औषधांत खंड पडल्याने रक्तदाब वा साखर हाताबाहेर गेलेले. आणि पाणी ओसरल्यावर आठ-दहा दिवसांनी, बाजार पुन्हा उघडल्यावर, तापाने फणफणलेले. पूर वर्तमानपत्रातून नाहीसा झाल्यावर तो आमच्या वॉर्डात येतो.

आता घराच्या तयारीविषयी. पहिली गोष्ट वस्तू नसून माणूस आहे. ‘निघायचे’ हे कोणी ठरवायचे, हे घरात आधी ठरलेले असावे. आपल्याकडे हा अधिकार परंपरेने ज्येष्ठांचा, आणि ज्येष्ठांना आपली वास्तू सोडवत नाही. वडीलधाऱ्यांचा अवमान न करता एप्रिल-मे महिन्यांत, ऊन असताना, बसून बोलावे : महापालिकेचा भोंगा फिरला, किंवा मोरीतून पाणी उलटले, किंवा अमुक पायरी ओली झाली की चर्चा न करता निघायचे. कोणाकडे जायचे, तेही ठरवावे. आपले घर निळ्या पूररेषेच्या आत आहे की लाल, हे महापालिकेत पाहून घ्यावे. निळी रेषा सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. मात्र पंचवीस वर्षांची रेषा म्हणजे एकदा पूर आला की पंचवीस वर्षे निश्चिंती, असा अर्थ कोणी काढू नये. २०१६ नंतर तीनच वर्षांत २०१९ आले.

दुसरी गोष्ट औषधांची पिशवी. ती घरातील उंच खुंटीला, दाराजवळ, पावसाळाभर टांगलेली असावी. तीत नित्याच्या औषधांचा किमान एक आठवड्याचा साठा, शेवटचा डिस्चार्ज कागद, चालू औषधांची स्वच्छ अक्षरांतील यादी, शिधापत्रिका व आधार पत्राच्या प्रती, चष्मा, विजेरी आणि भ्रमणध्वनीची भारित पॉवर बँक. दातांची कवळी वापरणाऱ्यांनी तिचा विचार आधी करावा. हसू नका, २०१९ मध्ये एका आजोबांनी आमच्याकडे दोन दिवस केवळ पेज घेतली. ‘ती पांढरी गोळी, अर्धी’ असे सांगणारे नातेवाईक आम्हांस दर पुरात भेटतात. पांढऱ्या गोळ्या शेकड्यांनी आहेत.

इन्सुलिनविषयी डॉक्टरांना विचारून सांगतो. वापरात असलेली बाटली सर्वसाधारणपणे चार आठवडे शीतकपाटाबाहेर, थंड व सावलीच्या जागी टिकते. वीज गेली म्हणून इन्सुलिन फेकू नये आणि बर्फावरही ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते. बाटली कोरड्या डब्यात घालून तो डबा ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात ठेवावा. आपल्या आजींनी लोणी असेच राखले.

डायलिसिसवरील रुग्णांना स्वतंत्रपणे सांगावयाचे आहे. ३ ऑगस्ट २०१९, शनिवार. धरणातील विसर्ग वाढत असल्याच्या बातम्या येत होत्या. निफाड तालुक्यातील चांदोरी, सायखेडा ही गावे नांदूरमधमेश्वर बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला. गोदावरी फुगली की तेथील रस्ते प्रथम बंद होतात. आमच्या डायलिसिस विभागातील परिचारिकांनी त्या बाजूच्या रुग्णांना दूरध्वनी करून एक दिवस आधीच येण्यास सांगितले. हा निर्णय त्यांचा होता, प्रशासनाचा नव्हे, हे येथे नमूद करणे माझे कर्तव्य आहे. काही आले आणि धर्मशाळेत राहिले. एका रुग्णाचा मुलगा म्हणाला, “साहेब, पाणी अजून लांब हाये, सोमवारी येतो की.” रविवारी गावाला पाण्याचा वेढा पडला. मंगळवारी त्या गृहस्थांना बोटीतून बाहेर काढून आणले, तेव्हा त्यांच्या फुप्फुसांत पाणी साचले होते आणि त्यांना आडवे होता येत नव्हते. ते बचावले. अशा रुग्णांनी पावसाचा जोर दिसताच पाणी व मीठ नेहमीपेक्षा कमी करावे, केळी, नारळपाणी, फळांचे रस यांपासून दूर राहावे आणि आपली पाळी एक दिवस आधी घ्यावी. नववा महिना लागलेल्या भगिनींनाही तोच नियम : नदीपलीकडे राहत असाल तर पूल खुला असताना अलीकडे या.

पूल म्हटल्यावर एक आठवण अपरिहार्य आहे. ज्या दिवशी, २ ऑगस्ट २०१६ रोजी, नाशिकमध्ये महापूर होता, त्याच रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील जुना पूल वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एस.टी. बसगाड्याही. पाण्याखालील रस्ता शिल्लक आहे की नाही, हे वरून दिसत नाही. दुचाकीवरून पाहायला जाणाऱ्या तरुणांना मी हे विशेषत्वाने सांगतो. छायाचित्र काढण्याच्या हौसेने आलेले दोन अस्थिभंग आम्ही त्या पुरात बसविले.

विजेचा मुख्य खटका पाणी घरात येण्यापूर्वी, कोरड्या हाताने, कोरड्या जागी उभे राहून बंद करावा. पाणी फलकापर्यंत पोहोचले असल्यास त्याला स्पर्शही करू नये. येथे एक चूक सर्रास होते. खटका बंद केला तरी इन्व्हर्टर घरात वीज पुरवीतच राहतो, आणि आपण तो बहुधा जमिनीवर, जिन्याखाली ठेवतो. तो उंचावर बसवावा, निघताना बंद करावा. गॅसच्या सिलिंडरचा रेग्युलेटर काढून ठेवावा. रिकामे सिलिंडर तरंगते आणि नळी उपटते. घरी प्राणवायू यंत्र वापरणाऱ्यांनी वीज गेल्यास किती वेळ निभावेल याचा अंदाज पुरवठादाराकडून आधीच घ्यावा. चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पुरात रुग्णालयात पाणी शिरून वीज गेली आणि कृत्रिम श्वासोच्छ्वासावरील रुग्ण दगावले, हे ऐकल्यापासून मी स्वतः पावसाळ्यात दर सोमवारी आमचे जनित्र चालवून पाहतो.

त्या जनित्राचीही एक कथा आहे. २००८ नंतर विश्वस्तांनी ते उंच चौथऱ्यावर नेण्यास मंजुरी दिली. खर्च बराच होता. लेखापरीक्षकांनी मला विचारले, “या खर्चातून उत्पन्न काय?” मला उत्तर देता आले नाही. २०१६ मध्ये आवारात पाणी आले, जुन्या जागेवर दीड हात चढले, आणि शस्त्रक्रियागृहातील दिवे क्षणभरही गेले नाहीत. त्या वर्षीच्या अहवालात मी त्याविषयी एक ओळ घातली होती. ती त्यांनी वाचली की नाही, ठाऊक नाही.

पाणी ओसरल्यानंतरची काळजी. घरात शिरलेल्या गाळाला नुसत्या पायांनी तुडवू नये. बूट नसतील तर पायांना जाड प्लास्टिक बांधून वर चप्पल घालावी. उंदराच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस बारीकशा जखमेतून शिरतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतरच्या आठवड्यांत तेथे या तापाची मोठी साथ आली होती. गढूळ पाण्यात वावरलेल्यांनी डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक औषध घ्यावे, धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले होते ते आठवावे, आणि दोन-तीन आठवड्यांत ताप व पोटऱ्यांत वेदना झाल्यास ‘पुरात होतो’ हे प्रथम सांगावे. पिण्याचे पाणी चांगली उकळी फुटल्यावर मिनिटभर उकळावे अथवा क्लोरीनचे थेंब बाटलीवरील प्रमाणात टाकून अर्धा तास ठेवावे. बंद घर उघडताना काठी आपटून आत जावे. सापही आश्रयाला आलेला असतो. दंश झाल्यास आवळून बांधणे, चिरा देणे यांत वेळ न दवडता सरळ रुग्णालयात आणावे.

विजांविषयी थोडक्यात. गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात वा बंद मोटारीत जावे. झाडाखाली व पत्र्याच्या उघड्या शेडखाली थांबू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप शेतावर जाणाऱ्यांच्या भ्रमणध्वनीत अवश्य असावे. वीज पडलेल्या माणसाला हात लावल्यास धक्का बसतो, ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे. त्याच्या शरीरात वीज राहत नाही. श्वास थांबला असल्यास तत्काळ छातीवर दाब देण्यास सुरुवात करावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. लोक भीतीपोटी दूर उभे राहतात आणि तेवढ्यात तो जातो. हे छातीवरील दाब देण्याचे तंत्र आपल्या परिचारिका प्रत्येक महिन्याच्या पहिल्या शनिवारी विनामूल्य शिकवितात. गतवर्षी शिकायला आलेल्यांत पुरुषांची संख्या लाज वाटावी इतकी कमी होती.

सभागृहाच्या दाराशी पिवळ्या रंगाची कार्डे ठेवली आहेत. एका बाजूस रुग्णाचे नाव, आजार, औषधे व मात्रा, रक्तगट, ॲलर्जी. दुसऱ्या बाजूस निघण्याची खूण, निघण्याचा निर्णय घेणाऱ्याचे नाव, जाण्याचे ठिकाण आणि तीन दूरध्वनी क्रमांक. छपाईचा खर्च एका विश्वस्तांनी नाव न देण्याच्या अटीवर केला आहे. औषधांचा रकाना आपण स्वतः भरू नये. शनिवारी दुपारी बाह्यरुग्ण विभागात आमचे औषधनिर्माते तो भरून देतील व कार्ड प्लास्टिकमध्ये बंद करून देतील. येताना घरातील सर्व गोळ्या, संपलेल्या पाकिटांसह, पिशवीतून आणाव्यात. मागील खेपेस पुष्कळ कार्डांवर ‘निर्णय घेणाऱ्याचे नाव’ हा रकाना कोरा राहिला होता. कोरे कार्ड या वेळी खिडकीवरून परत केले जाईल, अशी सूचना मी दिली आहे.